पिसाला मासा का भुलतो

त्या वर्षी अधिक महिना वैशाखात आला. आधीच पावसानं दगा दिलेला, त्यात उन्हाळा दुपटीनं लांबला, असं लोक म्हणत. विसापूरच्या तलावाचं पाणी काठ सोडून आत आत सरकत चाललं होतं आणि मागं राहिलेल्या चिखलाच्या वाळून खापऱ्या झाल्या होत्या. तलावाच्या वरच्या अंगाला पाच-सहा घरांची काठवस्ती होती. तिथल्या राहीबाईनं धोंड्याच्या महिन्याचा नेम धरला, तो माशांना रामनाम घालण्याचा.

नेम साधाच होता. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीच्या बारीक बारीक चिठ्ठ्या कापायच्या, प्रत्येकीवर 'राम' लिहायचं, चिठ्ठी कणकेच्या गोळीत गुंडाळायची आणि पाण्यात सोडायची. राहीबाईला लिहायला येत होतं ते एवढंच. ही दोन अक्षरं धाकट्या भावानं लहानपणी चुलीच्या राखेत बोट फिरवून शिकवली होती, आणि पुढं तिसऱ्या अक्षराची गरज तिला कधी वाटली नाही. पोथी सांगणारे बुवा म्हणाले होते, "मुक्या जिवाच्या मुखी नाम घाला, त्याचं पुण्य बोलक्याच्या दुप्पट." ते ऐकून तिची जाऊ साळूबाई तिथल्या तिथं कुजबुजली होती, "माणसं ऐकत न्हाईत म्हून आता माशांच्या तोंडात घालायचं व्हय!"

गहू महाग, कणीक त्याहून महाग. पण महिनाभर राहीबाई एकभुक्त राहत होती. तिच्या वाटणीचं जे वाचे, त्यातूनच गोळ्या होत, त्यामुळं कुणाला बोलायला जागा नव्हती. देवापुढं पाणी सोडताना तिनं संकल्प केला होता तो असा: सकाळी वर येणाऱ्या सूर्याची कड बाभळीच्या शेंड्याला टेकली की त्याच वेळेला, तलावात शिरलेल्या त्याच काळ्या खडकावर उभं राहून गोळ्या सोडीन. शेवटची गोळी पाण्यात पडेपर्यंत तोंडात पाणी घेणार नाही आणि तोंडातून शब्द काढणार नाही. वेळ चुकवायची नाही, जागा हलवायची नाही. राहीबाईच्या मते नेमाचं सगळं सत्त्व यातच होतं. मन काय, वाऱ्यासारखं इकडं तिकडं जायचंच. निदान पाय तरी एका जागी ठेवावेत.

पहिले काही दिवस खडकावर ती एकटीच असे. मग गनीभाई येऊ लागला.

गनीभाई गावात शिलाईचं मशीन घेऊन बसणारा शिंपी. उमेदीची वर्षं त्यानं नगरला भिंगारच्या छावणीत पलटणीचे कपडे शिवण्यात काढली होती. तो खडकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा, हातात बांबूची लवचीक काठी, काठीला तंगुसाची बारीक दोरी. राहीबाई माळकरी. मासा वर आला की ती तोंड फिरवी. पण कान काही फिरवता येत नाहीत. खडकावर आपटणारी शेपटी तिला ऐकू येई, आणि तिचं मनातलं नाम कुठंतरी अडखळे.

गनीभाईला बोलल्याशिवाय करमत नसे. समोरचं माणूस मौनात आहे म्हटल्यावर तर त्याला मोकळं रानच मिळालं.

"आक्का, आज वारं पडलंय बघा. पानी कसं काचेवानी हाय."

राहीबाई मान हलवी.

"तुमी बोलत न्हाई त्ये बेस हाय. घरात इमामबी बोलती, दुकानात गिऱ्हाईक बोलतंय. हितंच काय ती माझी पाळी येती."

राहीबाईला हसू येई. हसण्यानं मौन मोडतं की नाही, हे तिनं बुवांना विचारलं नव्हतं, म्हणून ती पदर ओठांवर धरी.

तिच्या लक्षात एक गोष्ट आली होती. गळ टाकणारी माणसं तिनं जन्मभर पाहिली होती. त्यांच्याजवळ गांडुळांचा डबा असतो, नाहीतर मळलेलं पीठ असतं. गनीभाईजवळ काहीच नव्हतं. तो नुसती दोरी पाण्यात सोडी, काठीचं टोक जरासं उचली, खाली येऊ देई, पुन्हा उचली. आणि त्या रिकाम्या दोरीला मासा लागे. इकडं ती गव्हाची कणीक घालत होती, त्यात देवाचं नाव. आणि तिकडं काहीच न लावलेल्या गळाला मासा स्वतःहून जात होता. हे काय गौडबंगाल, ते तिला उमगेना.

एके दिवशी शेवटची गोळी पाण्यात पडल्या पडल्या तिनं विचारलंच.

"गनीभाऊ, आमिष कुठाय तुमचं?"

तो इतका दचकला की काठी हातातून सुटता सुटता राहिली. "अल्ला! आक्का, आधी खाकरायचं तरी!"

मग त्यानं दोरी वर ओढली आणि टोकाला लोंबणारी वस्तू तळहातावर घेऊन दाखवली. बारकासा गळ, त्याच्या मानेशी शिशाचा छर्रा, आणि छर्‍याला तांबड्या रेशमानं गच्च बांधलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस. सगळं मिळून करंगळीच्या पेऱ्याएवढंही नव्हतं.

"छावनीत एक कप्तानसाहेब हुता, त्येला मासं धरायचा नाद. तो ह्याला जिग म्हनायचा. बांधायला त्येनंच शिकवलं. दोरा माझ्या दुकानातला, पीस घरच्या कोंबड्याचं."

राहीबाईनं वाकून पाहिलं. हात मात्र लावला नाही. "ह्यात खायला काय हाय?"

"काय बी न्हाई."

"वास?"

"न्हाई."

"मग मासा तोंड लावतो कशाला?"

गनीभाईनं खांदे उडवले. "त्ये त्येला इचारा, आक्का. मी कपडं शिवनारा मानूस."

घरी आल्यावर भाकरी थापताना, शेण सावडताना, वाती वळताना राहीबाईच्या डोक्यात तेच. दुपारी तिनं उकिरड्याजवळ पडलेलं एक कोंबड्याचं पीस चिमटीत उचललं, धुतलं, दोऱ्याला बांधून त्यात एक खडा अडकवला आणि पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडलं. बाहेर मेलेलं, चिकटलेलं ते पीस पाण्यात गेल्यावर हळूहळू उलगडलं. दोरा जरा उचलला की मिटायचं, सोडला की पसरायचं. श्वास घेतल्यासारखं. राहीबाई किती तरी वेळ घंगाळाच्या काठावर हनुवटी टेकून बसली होती.

"आता घंगाळात मासं धरायचं ठरलं व्हय?" साळूबाई दारात उभी होती, कमरेवर कळशी.

"न्हाई गं, नुसतं बघत हुते."

"बघा बघा." साळूबाईनं कळशी ठेवली. "गाव काय म्हंतंय त्येबी एकदा बघा. राही हाक मारती आन् गन्या मारतो, असं म्हंत्यात पाणवठ्यावर."

"म्हंजी?"

"आता म्हंजी काय सांगू, आक्काबाई! एवढा मोठा तलाव पडलाय, आन् त्यो मानूस रोज तुमच्याच खडकावर बसतो. कशाला? तुमी मासं गोळा करता, त्यो उचलतो. तुमच्या रामाच्या गोळ्यांनी त्येच्या घरची हंडी शिजतीया. माळकरी बाईचं पुन्य गेलं मसाल्यात!"

साळूबाईच्या बोलण्यात विष नसायचं, मीठ असायचं. पण या वेळी ते मीठ नेमकं चिरेवर पडलं. राहीबाईनं दोरा वर ओढला. घंगाळाबाहेर आलेलं पीस पुन्हा मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी एका वेळचं जे ताट, तेही तिनं तसंच सारलं. नाम घ्यायला म्हणून बोलावलेल्या जिवाला आपणच मारेकऱ्याच्या पुढ्यात उभं केलं असेल, तर हा नेम कसला? आणि अर्ध्यात सोडावा, तर देवापुढं सोडलेलं पाणी? एक मात्र तिला स्वच्छ कळत होतं. आधी खरं काय ते कळायला हवं. जी मोठी मरळ मासळी गनीभाईच्या गळाला लागते, ती आपलीच गोळी खाऊन आलेली असते का?

दुसऱ्या दिवशी गोळ्या संपताच ती सरळ म्हणाली, "गनीभाऊ, खरं सांगा. तुमी ह्याच खडकावर का बसता?"

गनीभाईनं नजर पाण्यावरच ठेवली. तसाच म्हणाला, "आक्का, खोटं कशाला बोलू. तुमी येता म्हून येतो. तुमी आल्यावर हितं मरळ लागती, एरवी न्हाई लागत. तुमास्नी राग येईल म्हून बोललो न्हाई."

"राग न्हाई. पर माझी गोळी खाल्लेलीच मरळ लागती का?"

"त्ये कसं कळावं? पोट इमामबी चिरती."

राहीबाईनं क्षणभर विचार केला. "मग तिला म्हनावं, उद्यापासून नीट बघ. उद्याच्या गोळ्या पिवळ्या असतील."

तिनं कणकेत हळद मळली. चांगली मूठभर. हळद देवालाही चालते आणि माशालाही चालावी, असा तिचा हिशेब. गोळ्या लग्नघरातल्यासारख्या पिवळ्याधमक झाल्या. त्या पाहून साळूबाई म्हणाली, "आता माशांची हळद बी लावा, लगीन लागंल तवा मला बोलवा."

दोन दिवसांनी राहीबाई इमामबीच्या दारात जाऊन उभी राहिली. इमामबी अंगणात लसूण सोलत होती. तिनं लगेच लिंबाखाली, चुलीपासून लांब, पाट मांडला. माळकरणीला मासळीचा वास नको, हे तिला सांगावं लागलं नाही.

"बसा आक्का. तुमच्या पायी मला रोज माशाच्या पोटाची झडती घ्यावी लागतीया. पोलिसपाटील केलं तुमी मला."

"काय घावलं?"

"मरळीच्या पोटात तुमची गोळी न्हाई. कनीक न्हाई, हळद न्हाई, कागुद न्हाई."

राहीबाईनं सुटकेचा श्वास सोडला आणि हात जोडले. पण इमामबी थांबली नव्हती.

"चिंगळ्या घावल्या. बोटाएवढी बारकी मासळी, सगळी आख्खी गिळलेली. एकदा मनात आलं, म्हून त्यातली एक चिंगळी चिमटीत दाबली." तिनं लसणाच्या पाकळीवर बोटं दाबून दाखवली. "पिवळं आलं."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. राहीबाई त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजी नाव चिंगळीच्या पोटात, चिंगळी मरळीच्या पोटात..."

"आन् मरळ आमच्या पोटात." इमामबीनं पटकन कानाला हात लावला. "गुन्हा माफ. पर आक्का, तुमी एक गोळी घालता आन् ती किती दारं फिरून येती बघा की."

राहीबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. साळूबाईचं निम्मं खरं होतं, निम्मं खोटं. आता या निम्म्याचं करायचं काय?

इमामबीला काय घावलं, ते गनीभाईपर्यंत गेलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी पाण्यात न टाकता खडकावर उभा होता. "आक्का, मी जागा सोडतो. त्या तिकडं बांधाच्या मोरीपाशी बसंन. तुमच्या नेमात माझी लुडबूड नको."

राहीबाईचं मौन सुरू होतं. तिनं हातानं 'थांबा' म्हटलं, मग 'बसा' म्हटलं, मग त्याच्या काठीकडं बोट करून 'नको' म्हटलं. गनीभाईला पहिल्यांदाच तिचं बोलणं आपल्या बोलण्यापेक्षा लांब वाटलं. तो गुमान बसला.

रोज ती येई ती मनात नाम घेत, डोळे अर्धे मिटून. आज तिनं डोळे उघडे ठेवले. अजून एकही गोळी टाकली नव्हती. तिची सावली पाण्यावर पडली, आणि खडकाच्या कडेनं चिंगळ्यांचा थवाच्या थवा वर आला. तोंडं वर करून, पाणी टिचटिच करत उभा राहिला. त्यांना हाक मारावी लागत नव्हती. त्यांना वेळ माहीत होती. जागा माहीत होती.

ती तशीच निश्चल राहिली. डोळे पाण्याला सरावले तसं थव्याच्या खाली, खडकाच्या काळ्या पोटाशी, तिला आणखी काही दिसलं. जाडजूड, काळसर, फांदीसारखं. एक. मग दुसरं. हलत नव्हतं. तेही वाटच पाहत होतं.

तिनं गोळी सोडली. चिंगळ्या झुंबडल्या. खालची फांदी हलली, पाणी खळकन फुटलं, रुप्याचे कण उडावेत तशा चिंगळ्या वर उडाल्या, आणि पुन्हा सगळं शांत. गनीभाईची काठी त्याच्या मांडीवर आडवी होती.

गोळ्या संपवून राहीबाई खडकावरच बसली. घसा कोरडा पडला होता, तरी आणलेला तांब्या तिनं उचलला नाही.

"तुमी काठी टाकली न्हाई, तरी मेल्याच की."

"मरनारच, आक्का. मरळ काय नाचनी खाती?"

"खाऊ दे. तिचं तिचं अन्न हाय, त्यात मला बोलायचं न्हाई." ती थांबून थांबून बोलत होती, आधी स्वतःला सांगून मग त्याला सांगितल्यासारखं. "पर साऱ्या तलावात पसरलेल्या ह्या चिंगळ्या. हितं एका खडकाशी दाटी करून उभ्या ऱ्हातात त्या माझ्यामुळं. एकच येळ, एकच जागा. चिंगळ्या माझी वाट बघत्यात, मरळ चिंगळ्यांची, आन् तुमी मरळीची. मला वाटायचं, नेम धरला तो देवानं बघावा. बघितला सगळ्यांनीच."

गनीभाईनं मांडीवरची काठी उचलून बाजूला ठेवली. असं क्वचित होई.

मग राहीबाईनं त्याच्या पिशवीकडं पाहिलं. इतके दिवस मनात घोळत असलेला प्रश्न अजून तसाच होता, आणि आजच्या एवढ्या मोठ्या गोष्टीखालीसुद्धा तो दबायला तयार नव्हता.

"ह्या पिसाचा गळ मोडता येतो का? नुसतं पीस ठेवायचं. टोचायला नको."

"येतो की. पर मग लागायचं काय?"

"लागायला नकोच. मला बघायचंय."

गनीभाईनं पिशवीतून पकड काढून गळाचं वाकडं टोक कटकन तोडलं. नुसता दांडा उरला, त्याला छर्रा आणि पीस. काठी त्यानं तिच्या हातात दिली. जन्मात पहिल्यांदा राहीबाईनं मासे धरायची काठी धरली, आणि धरली ती तुळशीला पाणी घालताना तांब्या धरावा तशी, दोन्ही हातांनी.

"जाऊ द्या खाली. जाऊ द्या. आता जरासं उचला. जरासंच, आक्का, विहिरीतनं बादली न्हाई वढायची! हां. आता पडू द्या. मासा घेतो त्यो पडतानाच."

पीस पडत होतं. ते दिसत नव्हतं, पण घंगाळात पाहिलेलं तिला आठवत होतं: आता मिटलं, आता उलगडलं. काठीच्या टोकातून, बांबूतून, तिच्या बोटांपर्यंत काहीतरी आलं. टक्. इतकं हलकं, जसं झोपलेल्या लेकरानं बोट धरून सोडावं. ती श्वास रोखून राहिली. पुन्हा टक्. मग दोरी जराशी बाजूला सरकली, आणि सैल पडली.

"आलता," गनीभाई पुटपुटला. "सोडून गेला."

"खेचलं न्हाई त्येनं."

"न्हाई. चाखून बघितलं."

"भरल्या पोटाचा बी येतो?"

"येतो की. इमामबीला इचारा. गळ्यापतूर चिंगळ्या भरलेली मरळ पिसाला लागती. का लागती, त्ये कप्तानसाहेबाला बी ठावं न्हवतं."

राहीबाईनं पुन्हा पीस सोडलं. पुन्हा कुणीतरी आलं, टक् करून गेलं. ही भूक नव्हे. भूक तिला माहीत होती. महिनाभर ती रोज भुकेच्या शेजारी बसत होती. भूक अशी अलगद येत नाही. हे म्हणजे दार ढकलून बघणं होतं.

"गनीभाऊ," ती हळूच म्हणाली, "माशाला हात नसत्यात."

"नसत्यात तर."

"आपून नवी चीज दिसली की हातात घिऊन बघतो. त्येनं कशात घ्यावी? त्येला तोंडच तेवढं हाय. त्यो खात न्हाई ओ. त्यो इचारतोय, हे काय हाय म्हून."

गनीभाईनं तिच्याकडं पाहिलं, मग हातातल्या तोडलेल्या टोकाकडं. "असं म्हनता?" एवढंच म्हणून त्यानं ते लोखंड खिशात टाकलं. काठी परत देताना राहीबाईला जरा जडच गेलं.

दुसऱ्या दिवशी सूर्याची कड बाभळीला टेकली तेव्हा काळ्या खडकावर कुणी नव्हतं.

राहीबाईनं आदल्या संध्याकाळी देवापुढं निरांजन लावून सांगितलं होतं: वेळ तुझी, नाव तुझं. जागा मी माझ्या सोयीनं धरली होती, पाय चिखलात रुतू नयेत म्हणून. ती सोडते. यात नेम मोडला असं तुला वाटत असेल, तर पुढच्या अधिकात पुन्हा पहिल्यापासून करून घे, मी आहे. देव काही बोलला नाही. तो बोलत नसेच. तिनं ते होकारात धरलं.

ओच्यात गोळ्या घेऊन ती काठाकाठानं निघाली. एक गोळी इथं, वीस-पंचवीस पावलं चालून दुसरी तिथं. वाळलेल्या चिखलाच्या खापऱ्या तळपायाखाली मोडत होत्या, कुठं पाय घोट्यापर्यंत रुतत होता. खडकावर जो नेम देवळातल्या सकाळच्या पूजेच्या घंटेबरोबर आटपत असे, त्याला आता ऊन डोक्यावर येऊ लागलं. साळूबाई शेळ्या घेऊन बांधावर आली होती. तिनं लांबूनच आवाज दिला.

"अहो आक्का, आता तलावाला परदक्षिना का? तलाव आटतोय तवर सोपं हाय. पावसाळ्यात काय करशीला?"

मौनातल्या राहीबाईनं दोन्ही हात वर करून दाखवले. तेव्हाचं तेव्हा.

गनीभाई मोरीपाशी भेटला. त्यानं सकाळपासून तीन जागा बदलल्या होत्या आणि पिशवी चपटी होती. "आक्का, माझी बसल्या जागची भाकर गेली बघा. आता मरळ हुडकावी लागती. इमामबी म्हंती, आज वांगी." पण तक्रार करताना तो हसत होता. ती पुढं जायला लागली, तसा तो दुसरीकडं सरकला, तिनं जिथं गोळी टाकली नव्हती तिकडं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मोरीच्या पलीकडं पाण्याचा एक कोपरा आत वळला होता. राहीबाई इतकी वर्षं तलावाशेजारी राहिली, पण तिकडं ती कधी आलीच नव्हती. पाणी उथळ, तळाची वाळू दिसणारं. तिची सावली पडली, पण कुणीही वर आलं नाही. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं.

तिनं आधी खाली निरखून पाहिलं. काळी फांदी दिसत नाही ना, याची खात्री केली. मग एक पिवळी गोळी सोडली. ती डुलत डुलत वाळूवर जाऊन बसली. बराच वेळ काही नाही. मग गवताच्या मुळातून एक एकुलती चिंगळी बाहेर आली. गोळीपाशी थांबली, मागं सरली. पुन्हा आली. तोंड लावलं, सोडलं. गोळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आली.

राहीबाई हळूच उकिडवी बसली. ओच्यात अजून बऱ्याच गोळ्या शिल्लक होत्या, ऊन चढत होतं, घशाला कोरड पडली होती. पण ती चिंगळी काय ठरवते, ते कळल्याशिवाय तिथून हलणं तिच्यानं होईना.